भोकं बुजवायची नाहीत

शिकागोच्या दक्षिण भागात, ब्रॉन्झव्हिल नावाच्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत, मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर ३८३१ क्रमांकाचं एक तीन मजली विटांचं घर आहे. साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर. त्याच्या तळमजल्यावरच्या दालनाला लाकडी फळ्यांचं आवरण आहे आणि त्या फळ्यांचा जवळून काढलेला फोटो पाहिला, की आधी वाटतं लाकडाला कीड लागलीय. बारीक बारीक भोकं, कुठं एकटी, कुठं पाच-सहांचा घोळका, आणि डोळ्यांच्या उंचीवर तर नुसती दाटी. मग कळतं, की ही खिळ्यांची भोकं आहेत. १९४० पासून या भिंतीवर जे जे चित्र लागलं, त्याच्या खिळ्याची. चित्र उतरलं, खिळा निघाला, भोक राहिलं.

जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना लाकडी भिंतीच्या रकान्यात हात आपोआप एक ओळ लिहून जातो: भोकं बुजवणे, घासणे, पॉलिश करणे, दर चौरस फुटाला अमुक. ही ओळ लिहायला कुणी थांबत नाही, वाचणाराही थांबत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव भिंतींसाठी ती बरोबरही असते. या भिंतीपुढं मात्र ती ओळ डोळ्यांत खुपते आणि एकदा खुपली, की घराची सगळी दुरुस्तीच वेगळी दिसायला लागते. नक्की काय दुरुस्त करायचं आहे इथं? १८९२ सालचा वाडा, १९४० सालचं दालन, की त्यानंतरच्या ऐंशी वर्षांचा वापर?

वाडा म्हणजे खरोखर वाडाच. १८९२-९३ मध्ये धान्याच्या व्यापारातल्या जॉर्ज सीव्हर्न्स या धनिकासाठी तो बांधला, वास्तुरचनाकार गुस्ताव हॉलबर्ग. ते शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवस. १८९३ च्या सप्टेंबरात विवेकानंद ज्या इमारतीत उभे राहून बोलले, ती आजची आर्ट इन्स्टिट्यूट, याच मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, इथून उत्तरेला सहाएक किलोमीटरवर. त्या काळी हा सगळा रस्ता श्रीमंत गोऱ्यांच्या घरांचा होता. पुढं दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय माणसं रेल्वेनं हजारोंनी शिकागोला यायला लागली, श्रीमंत पांगले आणि रस्त्याचा रंग बदलला. पण आलेल्यांना शहरात कुठंही राहता येत नव्हतं. घरमालक आपापसांत करार करून ठेवत, की अमुक भागातलं घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही की भाड्यानं द्यायचं नाही, आणि न्यायालयं ते करार मानत. दक्षिणेला जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात माणसं कोंबली गेली. वाड्यांचे तुकडे झाले. जिथं एक कुटुंब राहायचं, तिथं खोलीला एक कुटुंब, कोपऱ्यात गॅसची शेगडी, आणि संडास-न्हाणी सगळ्यांत मिळून एक. या खोल्यांना किचनेट म्हणत. आपल्याकडच्या चाळीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शिकागोच्याच दक्षिण भागातल्या हॅन्सबेरी कुटुंबाच्या अशाच एका कराराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९४० च्या नोव्हेंबरात त्यांच्या बाजूनं निकाल दिला, पण तो तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयाच्या बळावर राबवता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं.

हॅन्सबेरी निकालानंतर महिनाभरानं, १५ डिसेंबर १९४० ला, ३८३१ चं दार उघडलं.

कम्युनिटी सेंटर या शब्दाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द समाजमंदिर. हा शब्द वापरला, की त्याच्या मागोमाग वर्गणी येते, पावतीपुस्तक येतं, आणि इमारत उभी राहिल्यावर विजेचं बिल कुणी भरायचं हा प्रश्नही येतो. इथंही नेमकं तेच होतं. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारनं बेकार कलावंतांना काम देण्यासाठी फेडरल आर्ट प्रोजेक्ट काढला होता आणि त्यातून देशभर शंभराहून जास्त कलाकेंद्रं निघाली. शिकागोत गॅलरी चालवणारा पीटर पोलॅक १९३८ मध्ये ही कल्पना घेऊन ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राच्या मेट्झ लोशार्डकडे गेला. सरकारची अट सरळ होती. शिक्षकांचे पगार आणि इमारतीतले फेरफार सरकार करेल. इमारत विकत घ्यायची, सामान आणायचं, दिवाबत्ती सांभाळायची, ते वस्तीनं. म्हणजे चालू खर्चातला मोठा वाटा सरकारचा आणि मालमत्ता लोकांची. त्या वेळी ही अट जाचक वाटली असणार. पण घर लोकांच्या नावावर झालं ते या अटीमुळंच, आणि पुढं सगळं वाचलं तेही त्यामुळंच.

घराची किंमत सुमारे ८,००० डॉलर. ती जमवायला एक युक्ती निघाली, ‘मैलभर डाइम’. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. लोकांनी एकेक डाइम द्यायचा आणि सगळे एकाला एक लावून मैलभर ओळ व्हायची. हा हिशोब कागदावर मांडून बघावा असा आहे. डाइमचा व्यास १७.९ मिलिमीटर. मैल म्हणजे सोळा लाख नऊ हजार मिलिमीटरच्या वर. भागाकार केला तर जवळजवळ ९० हजार नाणी येतात, आणि त्यांचे होतात ९,००० डॉलरला दहाएक कमी. घर बसतं आणि वर थोडं सामानालाही उरतं! तेव्हाचा डाइम चांदीचा, अडीच ग्रॅमचा. मैलभर ओळीचं वजन सव्वादोनशे किलो. मार्गारेट गॉस नावाची विशीतली चित्रकार मुलगी ३९ व्या रस्त्याच्या आणि साउथ पार्कवेच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभी राहायची. हीच पुढं मार्गारेट बरोज म्हणून ओळखली गेली. ज्या रस्त्यावर ती उभी राहायची, त्याला आता मार्टिन ल्यूथर किंगचं नाव आहे. डबा धरून रस्त्यावर उभं राहणं किती अवघड असतं, ते उभं राहिलेल्यालाच ठाऊक. माणसं नजर चुकवून जातात. जो थांबतो तो खिसा चाचपतो, कधी पाच सेंट टाकतो. मंदीच्या दिवसांत दहा सेंट म्हणजे टाकून देण्याची रक्कम नव्हती.

नाण्यांच्या जोडीला नाच होता. १९३९ पासून सेव्हॉय बॉलरूममध्ये ‘आर्टिस्ट्स अँड मॉडेल्स बॉल’ भरायला लागला. चित्रकारांनी पोशाख आणि देखावे करायचे, बाकीच्यांनी तिकीट काढून यायचं. ही प्रथा केंद्राच्या उपयोगी पुढं कितीतरी वर्षं पडली. गंमत म्हणून भरलेला कार्यक्रम आणि हिशोबाची वही, दोन्ही सांभाळणाऱ्या बायका या केंद्राच्या पायाभरणीत पहिल्यापासून होत्या, शिक्षिका होत्या, क्लब चालवणाऱ्या होत्या, आणि त्यांची नावं भिंतीवरच्या चित्रांच्या नावांइतकी कुणी घेत नाही.

आता त्या लाकडी फळ्यांकडं. वाड्याचं आतलं रूप बदलायचं काम हिन ब्रेडेंडीक आणि नेथन लर्नर या दोघांनी केलं. दोघं शिकागोच्या न्यू बाउहाउसचे; बाउहाउस ही साध्या, उपयोगी रचनेवर भर देणारी जर्मनीतली कलाशाळा, आणि ब्रेडेंडीक तर तिथंच, डेसाउ शहरात, शिकलेला. श्रीमंताच्या दिवाणखान्यात नक्षी असते, कोनाडे असतात, शेकोटीभोवतीची सजावट असते. चित्र लावायचं तर हे सगळं आड येतं. त्यांनी भिंतींना सपाट, साधं लाकूड घातलं. यात सौंदर्यदृष्टी आहेच, पण व्यवहारही पक्का आहे. त्या काळच्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर थापलेला चुन्याचा गिलावा. गिलावा पट्ट्यांच्या फटींतून मागं उतरतो, तिथं वळून घट्ट होतो, आणि त्या वळलेल्या आकड्यांवरच भिंतीचा सगळा थर लोंबकळत असतो. अशा भिंतीत हातोडीनं खिळा मारला, की आकडा तुटतो. एक तुटला तर दिसत नाही. शेजारी दहा तुटले, की वीतभर तुकडा फुगतो आणि एक दिवस चित्रासकट खाली येतो. दर महिन्याला प्रदर्शन बदलणाऱ्या जागेत अशी भिंत दोन वर्षंही टिकली नसती. मोठ्या संग्रहालयात वरून पट्टी बसवतात आणि तारेनं चित्र सोडतात, पण त्याला पैसे लागतात, शिवाय छोटी छोटी चित्रं तारांवर डुलत राहतात. लाकडाचं तसं नाही. लाकडात खिळा कुठंही बसतो. लाकडाचे तंतू बाजूला सरतात आणि खिळ्याला चहूकडून दाबून धरतात. मागं काय आहे ते शोधावं लागत नाही, खास हुक लागत नाहीत. चित्रकाराच्या हातात हातोडी आणि मूठभर खिळे असले की पुरे. ज्या केंद्रात भिंतीवर चित्र लावणारा माणूस दर वेळी नवा असणार, बहुधा विद्यार्थीच असणार, त्याच्यासाठी याहून समंजस भिंत शोधून सापडणार नाही.

एकच अडचण, की तेच भोक पुन्हा फारसं चालत नाही. एकदा तंतू सरले, शिकागोच्या हिवाळ्यात खोली तापवून लाकूड सुकलं, आकसलं, की भोक सैल पडतं. त्यात घातलेला खिळा वजन घेत नाही, आठवड्याभरात वाकतो. मग अर्धा इंच सरकून नवं भोक. घोळके झालेत ते असे.

७ मे १९४१ ला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट औपचारिक उद्घाटनाला आल्या, कृष्णवर्णीय तत्त्वज्ञ अ‍ॅलन लॉक बोलले, रेडिओवरून समारंभ देशभर ऐकू गेला. पण या जागेचं खरं काम समारंभाचं नव्हतं. तळघरात फोटो धुण्याची अंधारी खोली होती, आणि तिथं गॉर्डन पार्क्स नावाचा तरुण काम करत होता. इथं झालेल्या प्रदर्शनानं त्याला पुढं रोझेनवाल्ड शिष्यवृत्तीची वाट मिळाली आणि तो देशातल्या मोठ्या छायाचित्रकारांत गणला गेला. वाड्याचं तळघर या कामाला चांगलंच असतं. खिडक्या कमी म्हणून उजेड अडवायला सोपं, नळ आणि निचरा जवळ, आणि जमिनीखाली म्हणून उन्हाळा-हिवाळ्यात तापमान फार वरखाली होत नाही. रसायनाचं पाणी २० अंशांच्या आसपास धरून ठेवणं हीच तर त्या कामातली निम्मी डोकेदुखी. आयनेझ कनिंगहॅम स्टार्क या श्रीमंत वस्तीतल्या बाई १९४१ मध्ये इथं कवितेचा वर्ग घ्यायला लागल्या. त्यात ग्वेंडोलिन ब्रूक्स बसायची, जिला १९५० मध्ये पुलित्झर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. एलिझाबेथ कॅटलेट इथं शिळाछापाचं तंत्र शिकली. चार्ल्स व्हाइट, आर्चिबाल्ड मोटली, एल्डझिअर कॉर्टर, सगळे याच भिंतींवर लागले. नावं घ्यायला लागलं की थांबवत नाही. म्हणून थांबतो.

१९४३ मध्ये सरकारी पैसा संपला.

युद्ध सुरू होतं, बेकारांना काम देण्याची गरज उरली नव्हती. देशातली बहुतेक केंद्रं बंद पडली. हार्लेमचं मोठं केंद्र तर आधीच मिटलं होतं. शिकागोच्या या घरात शिक्षकांचे पगार थांबले, पण घर कुणाला परत द्यायचं नव्हतं. ते नावावर होतं. पगाराशिवाय शिकवणारे मिळाले, नाच भरत राहिला, सभासदांची वर्गणी येत राहिली. हे ऐकायला छान वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थही समजून घ्यायला हवा. वर्गणीच्या पैशात कोळसा येतो, दिव्याचं बिल भागतं; छप्पर नवं होत नाही. मोठं काम पुढच्या वर्षावर जातं आणि पुढचं वर्ष येत नाही. म्हणून दालनाला कुणी नवा रंग दिला नाही, फळ्या काढून पांढरा जिप्सम बोर्ड लावला नाही. शहरातल्या श्रीमंत गॅलऱ्यांनी १९५० नंतर आपल्या भिंती कितीदा बदलल्या असतील. ही भिंत तशीच राहिली. प्रेमानं राहिली आणि पैशाअभावीही राहिली, आणि यातलं कुठलं कारण किती, हे वेगळं काढता येत नाही. त्याचं समाधान मानावं, की त्या सगळ्या वर्षांत गळक्या पन्हळीखाली बादली ठेवून शिकवणाऱ्यांबद्दल वाईट वाटावं, हे ठरत नाही.

घरातही सगळं सुरळीत नव्हतं. पन्नाशीच्या दशकात डाव्या विचारांच्या माणसांवर संशय घेण्याचं वारं देशभर होतं, ते इथंही शिरलं. जिनं कोपऱ्यावर डबा धरला होता, त्या मार्गारेट बरोजलाच केंद्रातून बाजूला व्हावं लागलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं १९६१ मध्ये, रस्त्याच्या पलीकडच्या स्वतःच्या घरात, ३८०६ क्रमांकात, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय काढलं. त्याचंच पुढं डुसाबल संग्रहालय झालं. रागावून दूर गेलेलं माणूस पन्नास पावलांवर जातं आणि तिथं दुसरं समाजमंदिर उघडतं. दोन्ही घरं समोरासमोर. वस्तीचं भांडणही किती फलदायी असू शकतं!

आणि घराबाहेर, वस्तीत, बुलडोझर चालू होते. इथून किलोमीटरभरावर, ३४ व्या रस्त्यावर, मेक्का फ्लॅट्स नावाची इमारत होती. तीही १८९२ चीच, प्रदर्शनाच्या पाहुण्यांसाठी बांधलेली, पुढं कृष्णवर्णीय कुटुंबांनी गच्च भरलेली. आतल्या मोठ्या चौकावर काचेचं छत आणि भोवती मजल्यामजल्यावर लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या. शेजारच्या तंत्रशिक्षण संस्थेला जागा हवी होती. रहिवासी वर्षानुवर्षं लढले, १९५२ मध्ये ती पडलीच. तिच्या जागी १९५६ मध्ये मीस व्हान डेर रोहनं आखलेला क्राउन हॉल उभा राहिला, जो पाहायला आज जगभरचे वास्तुरचनाकार येतात. मीस म्हणजे बाउहाउसचा अखेरचा संचालक. शिकागोचं न्यू बाउहाउसही तोवर त्याच संस्थेत विलीन झालं होतं. एकाच घराण्याच्या दोन हातांनी या वस्तीत दोन कामं केली. एका हातानं १९४० मध्ये लोकांना हवी तशी भिंत दिली, दुसऱ्यानं सोळा वर्षांनी, लोकांना उठवून मोकळ्या केलेल्या जमिनीवर देखणी काच उभी केली. क्राउन हॉल सुंदर आहे, हे खोटं बोलता येत नाही. पण दोन्हींत निवड करायची वेळ आली, तर भोकं पडलेली फळी जास्त मोलाची वाटते.

३८३१ ला १९९४ मध्ये शहराच्या वारसा-वास्तूचा दर्जा मिळाला. अलीकडं मोठ्या दुरुस्तीचं आणि विस्ताराचं कामही हाती आलं. अशा घराची दुरुस्ती म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. बाहेरून दिसतात त्या विटा, आणि सगळ्यात जास्त बिघडवतात त्याही विटाच. १८९२ चं वीटकाम चुन्यातलं. चुना मऊ असतो. विटेतलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं, भिंत थोडी हलली तर सांधा सोसतो. पुढच्या काळातल्या गवंड्यांनी सांधे भरताना सवयीनं सिमेंट वापरलं, की पाणी सांध्यातून निघू शकत नाही, विटेत अडकतं. शिकागोत जानेवारीत ते गोठतं, गोठताना फुगतं, आणि विटेचा पुढचा पापुद्रा उडवून टाकतं. सिमेंटचा सांधा मात्र ताठ मानेनं तसाच उभा असतो. म्हणून सांधा रुंदीच्या अडीच पट खोल खरवडायचा, म्हणजे सेंटिमीटरभर सांध्याला अडीच सेंटिमीटर. उभ्या सांध्यांवर ग्राइंडर चालवायचा नाही, कारण चाक सरकतं आणि वरच्या-खालच्या विटांचे कान कापतं, तिथं छिन्नी-हातोडीच. मग एकाला तीन चुना-वाळू, थराथरानं दाबून, आणि वर ओलं गोणपाट. चुना सावकाश पक्का होतो आणि पारा पाच अंशांखाली गेला की काम थांबवावं लागतं. शिकागोत या कामाला एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच काळ मिळतो. दात्यांना हे सांगावं लागतं: पैसे नोव्हेंबरात आले, तर भिंतीला हात एप्रिलमध्ये लागेल.

दुसरी गोष्ट जमिनीची. राहत्या घराची तक्तपोशी दर चौरस फुटाला ४० पौंड भार धरून आखतात, सभागृहाची १०० पौंड धरून. उद्घाटनाच्या संध्याकाळी दिवाणखान्यात दीडशे माणसं उभी राहिली, की घर मुकाट्यानं अडीच पट ओझं वाहण्याच्या बेतात येतं. ते कोसळत नाही. जुनं लाकूड दणकट असतं. पण तुळया वाकतात, पाय टाकला की जमीन झोका देते, खालच्या छताच्या गिलाव्याला तुळयांच्या रेषेत चिरा पडतात. उपाय जुनाच आहे: जुन्या तुळईला शेजारी नवी तुळई लावून बोल्टनं आवळायची, आणि तळघरात मधोमध आडवी तुळई घालून खाली खांब द्यायचे. पण खांब दिले की तळघरातली मोकळी जागा गेली. शिवाय सार्वजनिक इमारत म्हणजे बाहेर पडायचे दोन वेगळे मार्ग हवेत, लिफ्ट हवी, चाकाच्या खुर्चीला उतार हवा. हे सगळं जुन्या घराच्या पोटात घुसवायचं, तर दोन-तीन खोल्या फोडाव्या लागतात. त्यापेक्षा बाजूला नवा भाग जोडून जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं तिकडं न्यायची आणि जुन्या घराला जुनं राहू द्यायचं, हे शहाणपणाचं.

सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न हवेचा. कागदावरची चित्रं, छायाचित्रं, कॅनव्हास यांना ५० टक्क्यांच्या आसपास दमटपणा मानवतो. उणे दहा अंशांची बाहेरची हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात जेमतेम ११ टक्के दमटपणा उरतो. कॅनव्हासवरचा रंग भेगाळायला एवढं पुरे. म्हणून यंत्र लावून हवेत पाणी सोडायचं म्हटलं, तर भिंतीचं काय होतं? २१ अंशांची, ५० टक्के दमट हवा १० अंशांहून गार पृष्ठभागाला लागली, की तिला घाम फुटतो. जानेवारीत हा गार पृष्ठभाग विटांच्या भिंतीच्या आतच असतो. म्हणजे चित्रांना सुख दिलं, की भिंत आतून भिजते, गोठते आणि फुटते. चित्र वाचवायचं की घर? वाट मधली आहे. हिवाळ्यात दमटपणा हळूहळू ३५ पर्यंत उतरू द्यायचा, उन्हाळ्यात ५५ पर्यंत चढू द्यायचा, एका दिवसात मात्र झटका बसू द्यायचा नाही. आणि नाजूक संग्रहासाठी घराच्या आत, बाहेरच्या भिंतींना न टेकणारी एक बंद खोली करायची. डब्यात डबा. नव्या भागात ती सोपी पडते.

आणि मग फळ्या. त्यांच्यामागं वायरी आहेत, तपासायच्या आहेत, बदलायच्या आहेत; फळ्या उतरवल्याशिवाय ते होत नाही. आधी भिंतीचा नकाशा करायचा आणि प्रत्येक फळीला नंबर द्यायचा. तो पाठीमागं, पेन्सिलीनं. पुढं चिकटपट्टी लावली तर काढताना जुनं पॉलिश सोलून येतं. नंबर घातल्यावर फोटो. फळीचे मूळ खिळे पुढून उपटायचे नाहीत. डोक्याभोवतीचं लाकूड चेपतं. फळी मागून थोडी सैल करून फटीतून पात्यानं खिळा कापायचा आणि उरलेला तुकडा पाठीमागून ओढून घ्यायचा. फळी तडकली असेल तर त्याच जातीच्या जुन्या लाकडाचं ठिगळ, रेषा जुळवून. पुसायचं ते कापसाच्या बोळ्यानं, सौम्य साबणाच्या पाण्यात जेमतेम ओला करून, आधी दाराआडच्या कोपऱ्यात वाटीएवढी जागा पुसून बघून. आणि रंधा किंवा पॉलिशपेपर त्या खोलीत आणायचाच नाही. घासलेल्या लाकडावर नवं पॉलिश उजळ बसतं, भोकांतली पुट्टी पॉलिश पीत नाही, तिचे ठिपके पडतात आणि भिंत देवी आल्यासारखी दिसते. म्हणजे निव्वळ कारागिरीच्या हिशोबानंही ती अंदाजपत्रकातली ओळ चुकीचीच आहे.

इथवर सगळं पटतं. पण भोकं राखायची एकदा ठरवली, की पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तो पहिल्याहून अवघड आहे. वारसा म्हणून भिंत जपायची, तर तिच्यावर नवा खिळा मारू द्यायचा का? जतन करणाऱ्यांची सवय सांगते, की नाही. वर बारीक पट्टी बसवा, तारेनं चित्रं सोडा, फळ्यांना हात लावू नका. हा सल्ला आदरानंच दिलेला असतो. पण तो मानला, तर भिंतीवर शेवटचं भोक कुणाचं, ते ठरून गेलं. चार्ल्स व्हाइटचं चित्र जिथं लागलं तिथं उद्या एखादी मुलगी आपलं पहिलं चित्र घेऊन येईल, आणि तिला सांगावं लागेल, की तुझं चित्र तारेवर, भिंत त्यांची. डाइम टाकणाऱ्यांनी पैसे यासाठी दिले नव्हते. फळ्या आणखी पन्नास वर्षांत चाळणी झाल्या तर होऊ देत. ज्या फळीला खिळा धरवेना, ती तेवढी उतरवून पाठीवर नंबर घालून वर ठेवावी आणि तिच्या जागी नवी लावावी, कोरी.

खिळा बारीक डोक्याचा, दीड इंची. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं मोजायचं, त्यात चौकटीची निम्मी उंची मिळवायची, आणि तार ताणल्यावर ती चौकटीच्या वरच्या कडेपासून किती खाली राहते तेवढं वजा करायचं. पहिल्यांदा लावणारे हेच विसरतात आणि चित्र फार वर जातं. जुनं भोक अगदी तिथंच आलं, तर अर्धा इंच बाजूला. खिळ्याचं टोक किंचित खाली कलतं धरायचं, म्हणजे वजनानं तो बाहेर न येता आत बसतो. पहिला ठोका हलका, नुसती जागा धरण्यापुरता. मग दोन सरळ. फळीतून लाकडाचा चिमूटभर भुसा खाली जमिनीवर पडतो.